फुटलेला फोन: दुरुस्त करावा की बदलावा? निकष आणि हिशेब

तडाखाग्रस्त

फोन तीन वर्षांचा, ॲमोलेड डिस्प्ले (ओलेडचाच प्रकार, ज्यात पिक्सेल स्वतःच उजळतात), मागेही काच. फरशीवर पालथा पडला. सध्याची लक्षणं अशी:

– उजव्या खालच्या कोपऱ्यातून तडे गेलेत. तिथेच नखाएवढा काळा डाग आहे आणि तो रोज थोडा पसरतोय. बाकी भागात चित्र आणि टच ठीक.
– चार्जरची पिन ठरावीक कोनात धरली तरच चार्जिंग होतं. हे पडण्याआधीपासूनच आहे.
– बॅटरी दुपारपर्यंत जेमतेम पुरते. कॅमेरा उघडला की २०–२५ टक्क्यांवरूनही फोन कधीकधी बंद पडतो.
– मागच्या काचेला एक उभी चीर.

कंपनीच्या जाहीर वेळापत्रकानुसार सुरक्षा अपडेट अजून २० महिने मिळतील.

रकमा लिहीत नाही, त्या जागेनुसार बदलतात. आज नवा घेतला तर जो घेईन त्याची किंमत १०० धरा. त्या मापाने मिळालेले भाव, मजुरीसकट: फ्रेमसह ओरिजिनल डिस्प्ले ३०, बाजारातला कॉपी डिस्प्ले १५, बॅटरी ७, चार्जिंग बोर्ड (चार्जिंगचा सॉकेट असलेली छोटी पट्टी) ३, मागची काच ४. हेच मॉडेल चांगल्या अवस्थेत जुन्या बाजारात ३८ ला मिळतं. माझा आहे तसा विकला तर ५ येतील. तुम्ही काय कराल, आणि का?

नवंकोरं

तीन वर्षं म्हणजे फोनचं म्हातारपण. डिस्प्ले बदलाल, मग बॅटरी जाईल, मग बोर्ड. नवा घ्या, मोकळे व्हा.

सोल्डरधूर

वयावरून निकाल देऊ नका. फोनमध्ये खरोखर झिजणाऱ्या गोष्टी मोजक्याच: बॅटरी, चार्जिंगचा सॉकेट, बटणांच्या पट्ट्या आणि काही प्रमाणात ओलेड पॅनल. ज्या फोनला पाणी लागलेलं नाही आणि जो वाकलेला नाही, त्याचा मदरबोर्ड तीन वर्षांत आपोआप थकत नाही. त्यामुळे "आज डिस्प्ले, उद्या बोर्ड" ही साखळी गृहीत धरायचं कारण नाही.

आता निदान. काळा डाग पसरतोय म्हणजे वरची काच नव्हे, चित्र दाखवणारं आतलं पॅनल फुटलंय. ओलेडचे थर हवा आणि ओलावा यांपासून सीलबंद असतात. सील तडकलं की तिथले पिक्सेल मरायला लागतात आणि डाग वाढत जातो. तो थांबवता येत नाही. "फक्त काच बदलून देतो" असं कुणी म्हटलं तर या फोनसाठी तो पर्याय बादच.

चित्र आणि टच पूर्ण शाबूत, फक्त वर तडे, असं असेल तरच काच-बदल शक्य असतो. त्यातही पॅनल तापवून बारीक तारेने काच सोडवायची, जुना गोंद साफ करायचा, पारदर्शक गोंदाची नवी फिल्म लावून निर्वात यंत्रात काच चिकटवायची आणि दाबाखाली बुडबुडे काढायचे, एवढं सगळं असतं. सपाट डिस्प्लेवर ठीक. कडेला वळलेल्या डिस्प्लेवर तार पॅनलला लागून हिरव्या-गुलाबी रेघा येण्याचा धोका बराच. काम सुरू होण्याआधी "पॅनल गेलं तर जबाबदारी कुणाची" हे लिहून घ्या.

आणि ते चार्जिंगचं. बोर्ड बदलायच्या आधी सॉकेट साफ केलात का? खिशातला धागा-धूळ आत दाबून दाबून नमदा होतो आणि पिन पुरती बसत नाही. ओळखायची खूण: पिन "टक्" करून बसत नाही, बाहेर किंचित मोकळी राहते. फोन बंद करा, बाजूने टॉर्च मारा, लाकडी टूथपिकचं टोक चपटं करून सॉकेटच्या कडांनी हलक्या हाताने उकरा. टाइप-सी मध्ये मधोमध एक पातळ जीभ असते, तिच्यावर जोर द्यायचा नाही. सुई, टाचणी नको. तोंडाने फुंकर नको, वाफ जाते. मग दुसरी केबल लावून बघा. पिन नीट बसूनही हलत असेल, तर मात्र सॉकेट झिजलाय.

तडाखाग्रस्त

साफ केलं. बराच कचरा निघाला, पिन आता टक् करून बसते आणि कोन बदलला तरी चार्जिंग तुटत नाही. म्हणजे ३ वाचले.

मितभाषी

पुढचं काहीही ठरवण्याआधी डेटा काढा. आजच. डाग पसरत टचपर्यंत पोचला की अडकाल.

दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. एक, डिस्प्ले मरायला टेकला असताना फोन रीस्टार्ट करू नका. रीस्टार्टनंतर पहिल्यांदा बोटाचा ठसा चालत नाही, पिन किंवा पॅटर्नच लागतो आणि तोच भाग बंद असेल तर सगळं ठप्प. दोन, अँड्रॉइड १० पासून बाजारात आलेल्या फोनांना एन्क्रिप्शन (डेटा सांकेतिक रूपात कुलूपबंद ठेवणं) सक्तीचं आहे आणि त्याची किल्ली प्रोसेसरशी बांधलेली असते. मेमरीची चिप काढून दुसरीकडे वाचायचे दिवस गेले. आयफोनचंही तेच.

टच गेला पण चित्र दिसतंय तर ओटीजी अडॅप्टरने (फोनला यूएसबी वस्तू जोडायचा छोटा जोड) साधा यूएसबी माउस लावा, पडद्यावर बाण येतो. काही कंपन्यांच्या फोनांत ओटीजी आधी सेटिंगमधून चालू करावं लागतं, म्हणून ते आत्ताच करून ठेवा. चित्रच गेलं असेल तर फोनचा टाइप-सी पोर्ट व्हिडिओ बाहेर देतो का बघा. सगळे देत नाहीत, स्वस्त फोन तर बहुधा नाहीच.

बॅकअप घेताना फोटोंपाशी थांबू नका. व्हॉट्सॲपचा बॅकअप वेगळा घ्या, ओटीपी तयार करणाऱ्या ॲपमधली खाती दुसऱ्या फोनवर न्या, ई-सिम असेल तर ते हलवायची पद्धत आधी वाचा.

हिशेबी

आता आकडे. "दुरुस्ती नव्याच्या निम्म्याहून कमी तर दुरुस्त करा" हा नियम ऐकायला सोपा, पण दोन फोन किती काळ चालतील हे त्यात येतच नाही. मी दरमहा खर्च काढतो.

दुरुस्ती: ओरिजिनल डिस्प्ले ३० + बॅटरी ७ = ३७. उरलेलं आयुष्य २० महिने. दरमहा १.८५.

नवा: १०० वजा जुन्याचे ५ = ९५. चार वर्षं, म्हणजे ४८ महिने वापरला तर दरमहा १.९८.

तेच मॉडेल जुन्या बाजारातून: ३८ + बॅटरी ७ − ५ = ४०, महिने तेवढेच २०. दरमहा २.०. शिवाय तो कुणी उघडलाय, पाण्यात पडला होता का, काही ठाऊक नाही.

म्हणजे दुरुस्ती पुढे आहे, पण केसभरच. चार्जिंग बोर्डाचे ३ धरले असते तर दुरुस्तीही ४०, दरमहा २.० झाली असती आणि नवा पुढे गेला असता. टूथपिकने निकाल फिरवला म्हणायचा!

नवंकोरं

आणि चार वर्षांनी नव्या फोनला जी किंमत येईल ती? ती कुठे धरली?

हिशेबी

रास्त मुद्दा. नव्याचे ४८ महिन्यांनंतर १५ येतील असं धरू: ८० भागिले ४८, दरमहा १.६७. पण मग दुरुस्त केलेल्याचेही २० महिन्यांनी काहीतरी येतील. ८ धरा: २९ भागिले २०, दरमहा १.४५. गृहीतकं जरा हलवली की उत्तर हलतं, म्हणून दशांशावर भांडण्यात अर्थ नाही. फरक दीडपटीहून जास्त निघाला तर आकड्यांचं ऐका. त्याहून कमी असेल तर ते बरोबरीत समजा आणि बाकीच्या गोष्टींवर ठरवा.

खरा मोठा आकडा भाजकातला आहे: महिने. नव्याला मी ४८ दिले कारण तेवढे अपडेट मिळणारा फोन धरलाय. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून त्या मालिकांना ७ वर्षांचे अपडेट जाहीर आहेत, पण स्वस्त श्रेणीत अजून बरेच फोन त्याच्या निम्म्यावरच थांबतात. आणि ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दीड वर्ष जुनं मॉडेल सवलतीत घेतलंत तर तेवढे महिने आधीच गेलेले असतात. ९५ खर्चून ३० महिनेच मिळणार असतील तर दरमहा ३.१७ पडतात. अशा नव्या फोनपुढे तुमची दुरुस्ती आरामात जिंकते.

काचकाम

१५ वाला कॉपी डिस्प्ले घेतला तर? १५ + ७ = २२, दरमहा १.१. हिशेबी यांच्या पद्धतीने हाच सरळ जिंकतो. पण १५ मध्ये नेमकं काय मिळतंय ते विचारलंय का? ॲमोलेड फोनसाठी बाजारात साधारण चार प्रकार असतात.

पहिला कंपनीचा नवा, बहुतेकदा फ्रेमसकट. दुसरा काच बदलून विकला जाणारा जुना ओरिजिनल: पॅनल अस्सल, पण आधी किती जळलेलं आहे, म्हणजे एकच चित्र सतत राहून त्याची सावली किती उमटलीय, ते बघावं लागतं. त्यासाठी करडी प्रतिमा पूर्ण पडद्यावर लावा, कीबोर्ड किंवा वरच्या पट्टीची सावली दिसली तर नको. तिसरा कॉपी ओलेड, त्यात सॉफ्ट आणि हार्ड असे दोन. सॉफ्टचं पॅनल ओरिजिनलसारखं लवचिक प्लास्टिकवर, हार्डचं काचेवर. हार्ड स्वस्त असतो आणि छोट्या धक्क्यातही फुटतो. चौथा एलसीडी: सर्वांत स्वस्त, सर्वांत जाड, कडा रुंद, काळा रंग राखाडी, मागचा प्रकाश सतत पेटलेला म्हणून बॅटरीवर भार. आणि डिस्प्लेखालचा बोटाचा सेन्सर एलसीडीखाली चालतच नाही.

१५ ला मिळणारा बहुधा हार्ड ओलेड किंवा एलसीडी असणार. "ओरिजिनल क्वालिटी" या शब्दांना काही अर्थ नाही. पावतीवर "सॉफ्ट ओलेड", "हार्ड ओलेड" किंवा "एलसीडी" असं लिहून मागा आणि वॉरंटीत टचचा दोष धरलाय का ते विचारा. स्वस्त पॅनलमध्ये सर्वांत आधी टचच बिनसतो: आपोआप टाइप होणं, चार्जिंगला लावल्यावर वेड्यासारखं उड्या मारणं.

फ्रेमसकट का घ्यावा तेही सांगतो. फोन पालथा पडला तरी मार कोपऱ्याला बसलाय. कोपरा आत दबलेला असेल किंवा फ्रेमला पीळ बसला असेल, तर सपाट पॅनल तिथे ताणाखाली बसतं. मग महिन्याभरात त्याच कोपऱ्यातून तडा जातो किंवा कड वर येते. डिस्प्ले खाली करून फोन सपाट काचेवर ठेवा आणि चारही कोपरे आळीपाळीने दाबा. डुगडुगला तर फ्रेम बदलल्याशिवाय नवं पॅनल लावणं म्हणजे पैसे पाण्यात. अर्थात कव्हर काढून आणि फुटलेल्या काचेवर टेप लावूनच हे करा.

तडाखाग्रस्त

डुगडुगतो, अगदी किंचित. म्हणजे फ्रेमसकटच. आयफोन असता तर हाच हिशेब राहिला असता का?

सोल्डरधूर

हिशेब तोच, पण तिथे सुट्या भागांची बोर्डाशी जोडणी असते. कारखान्यात प्रत्येक भागाचा क्रमांक बोर्डाशी नोंदलेला असतो. बाहेरचा डिस्प्ले टाकला की ट्रू टोन (आजूबाजूच्या उजेडानुसार पडद्याचे रंग जुळवणं) जाऊ शकतं, बाहेरची बॅटरी टाकली की तिचं आरोग्य सेटिंगमध्ये नीट दिसत नाही, आणि टच आयडीचं बटण दुसऱ्या फोनचं लावलं तर ठसा चालतच नाही. आयओएस १५.२ पासून सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे कोणते भाग बदललेत ते दिसतं, जुना आयफोन घेताना ते बघावंच. मागच्या काचेचंही बघा: आयफोन ८ ते १३ मध्ये ती सांगाड्याला इतकी पक्की बसवलेली आहे की लेसरने जाळून सोडवतात, नाहीतर सांगाडाच बदलतात. १४ मध्ये, प्रो सोडून, ती वेगळी निघते.

तुमच्या फोनच्या मागच्या चिरेचं काय, तर बॅटरी बदलायला मागची काच तशीही उघडावी लागेल आणि चिरलेली काच तापवून उचलताना बहुतेकदा तुकडेच होतात. तेव्हा त्याचे ४ धरूनच चाला. एकूण ४१, दरमहा २.०५. बरोबरीतच आहे अजून.

विद्युल्लता

बॅटरीबद्दल. २०–२५ टक्क्यांवर कॅमेरा उघडताच बंद पडणं हे आतला रोध वाढल्याचं लक्षण. कॅमेरा एकदम जास्त प्रवाह मागतो, व्होल्टेज खाली बसतो, फोन स्वतःला बंद करतो. हे बोर्डाचं दुखणं नाही, नव्या बॅटरीने जातं. ॲपलच्या मापाने आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चक्रांनंतर आणि १५ पासूनच्या १००० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखण्यासाठी बनवलेल्या आहेत. म्हणजे तीन वर्षांनी बॅटरी बसणं ही ठरलेली झीज आहे, बिघाड नाही. फोनच्या वयाचा पुरावा म्हणून ती पुढे करू नये.

डिस्प्ले फ्रेमसकट येतोय म्हणजे बोर्ड, कॅमेरे, बॅटरी सगळं नव्या फ्रेममध्ये हलवावं लागणार. जुनी चिकटवलेली बॅटरी उपटून पुन्हा लावणं धोक्याचं, ती वाकते. म्हणून दोन्ही एकाच वेळी करा आणि मजुरी एकदाच द्या. मिळालेल्या ३० आणि ७ मध्ये मजुरी दोनदा धरलेली असू शकते, विचारा. तिथेच २–३ सुटतील.

फोन उघडताना बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली असावी. भरलेली बॅटरी टोचली गेली तर आग जास्त भडकते. फुगली असेल (मागची काच उचललेली दिसते, एलसीडी डिस्प्लेवर पिवळसर छटा) तर चार्जिंग लगेच बंद, दाबून बसवायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. फुगलेली तशीच ठेवून वर नवा डिस्प्ले लावला तर ती तोही आतून ढकलून फोडते.

घोटभर_चहा

थोडं अवांतर: पाण्यात पडलेल्या फोनलाही हाच दरमहा हिशेब लावायचा का?

सोल्डरधूर

नाही. तिथे भाजकातले महिनेच माहीत नसतात. पाण्याने नुसतं शॉर्ट होत नाही. पाण्यातले क्षार आणि बॅटरीचा व्होल्टेज मिळून तांब्याच्या वाटा आणि सोल्डर खात बसतात, आणि ते फोन "चालू झाला" तरी आत चालूच राहतं. म्हणून लगेच बंद करायचा, चार्जरला लावायचा नाही, तांदळात तर नाहीच. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, भुसा तेवढा सॉकेटमध्ये जातो. ॲपलनेही तसं न करण्याची सूचना दिलेली आहे.

खरी दुरुस्ती म्हणजे फोन उघडून बॅटरी सोडवणं, बोर्डावरची धातूची झाकणं काढणं आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या) यंत्रात किंवा निदान ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने बोर्ड धुणं. पहिल्या काही तासांत झालं तर बरेच वाचतात. समुद्राचं पाणी असेल तर वेळ त्याहून कमी. पण वाचलेल्या फोनवर पुढे ३० चा डिस्प्ले टाकायला मी सांगणार नाही. तो डेटा काढण्यापुरता जिवंत करायचा. सिमच्या खाचेत आत एक छोटा पांढरा ठिपका असतो. लाल झाला असेल तर पाणी पोचलंय. दुरुस्तीला पैसे घालण्याआधी, आणि जुना फोन घेताना तर नक्कीच, तो बघा.

बोर्डाच्या कामातही फरक आहे. चार्जिंगची आयसी (चिप) किंवा एखादा शॉर्ट झालेला कपॅसिटर बदलणं हे नेहमीचं काम. प्रोसेसर उचलून नवे सोल्डरगोळे घालायचे म्हणत असतील तर टिकण्याची खात्री कुणी देत नाही. डेटा अनमोल असेल तरच करा.

तडाखाग्रस्त

ठिपका पांढराच आहे. दुरुस्तीकडे झुकतोय. मजुरी एकदाच लावून घेतली, एकूण ३८ वर आलं: दरमहा १.९. फोन देताना आणि घेताना काय बघू?

मितभाषी

देताना: सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. *#०६# ने आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) पडद्यावर आणून टिपून ठेवा. फोन उघडायचा पिन नंबर देऊ नका. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे, तो चालू केला की तंत्रज्ञाला चाचण्या घेता येतात पण तुमचे फोटो-मेसेज दिसत नाहीत. तशी सोय नसेल तर बॅकअप तपासून, फोनमधला सगळा डेटा पुसूनच द्या. जुने भाग परत मागा.

काचकाम

घेताना घाई नको. एखाद्या ॲपचं चिन्ह धरून पडद्यावर आडवं-उभं सगळीकडे फिरवा, कुठे सुटलं तर तिथे टच मेलाय. पूर्ण पांढरा आणि पूर्ण करडा पडदा बघा. फोन लावून कानाशी धरा: पडदा विझला पाहिजे, नाहीतर जवळीक ओळखणाऱ्या सेन्सरवर गोंद किंवा फिल्म आलीय. उजेडात नेऊन प्रकाश आपोआप वाढतो का, पुढचा कॅमेरा धूसर नाही ना, बोटाचा ठसा नव्याने नोंदवता येतो का, तिन्ही बघा. आवाज रेकॉर्ड करून माइक तपासा, मागची काच बदलली म्हणून वायरलेस चार्जिंग आणि एनएफसीही (फोन टेकवून पैसे देण्याची सोय). कंपास उलटसुलट दाखवत असेल तर आतला एखादा लोखंडी स्क्रू चुकीच्या जागी गेलाय. आणि लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर बोर्डाच्या आतल्या वाटा तुटतात, तेव्हा स्क्रू राहिलेत का, बदललेत का, हे बिनधास्त विचारा.

एक गोष्ट गेलेली धरा: पाणीरोधकता. कडेची गोंदपट्टी नवी लावली तरी कारखान्यातली दाबचाचणी होत नाही. आयपी६८ (धूळ-पाणीरोधकतेचं मानांकन) असं खोक्यावर छापलेलं असलं तरी आता तो फोन पावसात काढायचा नाही.

तडाखाग्रस्त

डिस्प्ले यायला चार दिवस लागणार आहेत. तोवर फुटलेला वापरू का?

काचकाम

कमीत कमी. रुंद पारदर्शक चिकटपट्टी संपूर्ण पडद्यावर लावा, नुसती तड्यांवर नको, कारण पट्टीच्या कडेपाशीच बारीक कण सुटतात. खालच्या स्पीकर-माइकच्या भोकांवर पट्टी येऊ देऊ नका. बोलताना इअरफोन लावा, काचेचे कण गालाला लागत नाहीत. फोन मागच्या खिशात नको. आणि टेप लावायच्या आधी माउस जोडून एकदा चालतो का ते बघून ठेवा.